टाके काढल्यानंतरचा इतिहास

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. लेखणी हा माझा प्रांत नव्हे. मी १९७३ साली मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका म्हणून लागले आणि सारे आयुष्य इंजेक्शनची सुई, ताप मोजण्याची नळी आणि डोंबिवलीची लोकल यांतच गेले. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "पाककृती आणि विणकाम दरवर्षी असतेच. यंदा एखादा इतिहासाचा लेख हवा." मी विचार केला, इतिहास तर मलाही ठाऊक आहे. तो गडकोटांचा नाही. हृदयातल्या अंगठ्याएवढ्या एका दाराचा आहे. म्हणून हे धाडस. चुकभूल भगिनींनी पोटात घालावी.

आपल्या हृदयात चार कप्पे आणि चार झडपा असतात. झडप म्हणजे एका बाजूनेच उघडणारे दार. रक्त पुढे गेले की ते मिटते आणि रक्ताला मागे येऊ देत नाही. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा ही उघडझाप होते, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक. घराच्या दाराची बिजागरी दोन पावसाळ्यांत कुरकुरू लागते. हे दार सत्तर-ऐंशी वर्षे बिनतक्रार चालते. परंतु लहानपणीच त्याला आजार लागला, तर मात्र तरुणपणी ते अडते.

हा आजार येतो कुठून? पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो. एका विशिष्ट जंतूमुळे घसा सुजलेला असतो. आई हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावते, दोनचार दिवसांत घसा बरा होतो आणि घरचे विसरून जातात. दोन-तीन आठवड्यांनी त्याच मुलाला ताप भरतो, आज गुडघा तर उद्या घोटा सुजतो. याला संधिवाताचा ताप म्हणतात. शरीराने घशातल्या जंतूंशी लढण्यासाठी जे सैन्य उभारलेले असते, तेच चुकून स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे पूर्ववत होतात. झडप होत नाही. तिच्या पाकळ्या हळूहळू जाड होऊन एकमेकींना चिकटतात आणि दार किलकिले राहते. एकाच खोलीत आठ-दहा माणसे झोपत असतील, तिथे घशाचा जंतू एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. म्हणून हा दाटीवाटीच्या वस्तीचा रोग. आपल्या कल्याण-डोंबिवलीच्या चाळींना तो अपरिचित नव्हता आणि अजूनही पुरता गेलेला नाही.

भगिनींनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. झडप अशी आकसण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते आणि पुष्कळदा ती पहिल्या बाळंतपणात उघडकीस येते. गरोदरपणात अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते. अरुंद दारातून एवढे रक्त पुढे जाईना, की ते फुप्फुसात तुंबते. सुनेला जिना चढताना धाप लागते, रात्री आडवे झोपवत नाही. घरात म्हणतात, पहिलटकरीण आहे, नाजूक आहे. ती नाजूक नसते. तिचे दार मिटत चाललेले असते.

आता हे दार उघडण्याचा इतिहास. फार दिवस डॉक्टरांची अशी समजूत होती की हृदयाला शस्त्र लावणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. १९२३ साली बोस्टनमध्ये डॉ. इलियट कटलर यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयात बारीक सुरी घालून झडप मोकळी केली. ती मुलगी साडेचार वर्षे जगली. परंतु पुढचे बहुतेक रुग्ण दगावले आणि त्यांनी तो नाद सोडला. १९२५ साली लंडनमध्ये डॉ. हेन्री सटर यांनी सुरी न वापरता स्वतःचे बोट हृदयात घातले आणि झडप चाचपून मोकळी केली. मुलगी बरी झाली. तरीही दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे पुन्हा असा रुग्ण पाठवला नाही. मार्ग सापडलेला असूनही तेवीस वर्षे त्यावरून कोणी गेले नाही.

१९४८ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात डॉ. चार्ल्स बेली यांनी तो पुन्हा धरला. त्यांचे आधीचे रुग्ण दगावले होते, एकेका रुग्णालयाने त्यांना दार बंद करायला सुरुवात केली होती. १० जून रोजी त्यांनी दोन निरनिराळ्या रुग्णालयांत दोन शस्त्रक्रिया ठरविल्या, कारण सकाळची फसली तर दुपारची कोणी करू देणार नाही ही भीती. सकाळचा रुग्ण गेला. बातमी पोहोचण्याआधी त्यांनी दुसऱ्या रुग्णालयात चोवीस वर्षांच्या एका स्त्रीची झडप उघडली. ती जगली आणि पुढे अनेक वर्षे जगली.

फिलाडेल्फिया म्हटले की आपल्या भागातल्या बायकांना दुसरेच नाव आठवावे. ज्यांचे माहेर कल्याणचे, त्या आनंदीबाई जोशी १८८६ साली याच शहरातील महिला वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच क्षयाने गेल्या. त्या विद्येचा उपयोग आपल्या बायकांना करून देण्याइतके आयुष्य त्यांना मिळाले नाही. बासष्ट वर्षांनी त्याच शहरात उघडलेले हे दार मात्र पुढे कल्याणच्या लेकीसुनांच्या कामी आले.

ते कसे, तर मुंबईमार्गे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९५२ साली झडप उघडण्याची ही शस्त्रक्रिया सुरू केली. त्याआधी दोनतीन वर्षे दक्षिणेत वेल्लोरला डॉ. रीव्ह बेट्स यांनी छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभारला होता. डॉ. सेन यांनीच पुढे फेब्रुवारी १९६८ मध्ये आपल्या देशातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला, पण जगभर नाव झाले. माझ्या दृष्टीने मोठे काम ते नव्हे. बोटाने झडप उघडण्याचे साधेसे काम त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतक्या जणांना शिकविले, की गिरणी कामगाराच्या बायकोलाही ते मिळू लागले, हे मोठे काम.

ही शस्त्रक्रिया मी नोकरीला लागले तेव्हाही सर्रास होत असे. डाव्या बाजूने छाती उघडत. हृदय चालूच असे. त्याच्या कानासारख्या कोपऱ्याला दोऱ्याचा फास घालून तिथून सर्जन आत बोट सारत. आत काही दिसत नसे, सारे स्पर्शावर. पिठात हात घालून बांगडी शोधावी, तसे. चिकटलेल्या पाकळ्या बोटाने किंवा बोटाच्या आधाराने आत नेलेल्या यंत्राने सुट्या होत. आदल्या रात्री तीन उशा लावून बसून राहिलेली बाई आठ दिवसांत आडवी झोपे. ते पाहिले की नोकरीचे सार्थक वाटे.

परंतु ज्यांची झडप चुन्यासारखी कडक झालेली असे, त्यांना बोटाचा उपयोग नसे. त्यांच्यासाठी नवीच झडप हवी. १९६० साली अमेरिकेत डॉ. अल्बर्ट स्टार आणि लोवेल एडवर्ड्स नावाचे एक अभियंते यांनी धातूच्या पिंजऱ्यात चेंडू बसवून झडप तयार केली. रक्त आले की चेंडू वर, थांबले की खाली. ही झडप वाजते. रात्री घर शांत झाले की शेजारी झोपलेल्याला तिची टिकटिक ऐकू येते. पुढे चेंडूच्या जागी चकतीच्या झडपा आल्या. परदेशी झडप आपल्या माणसांना परवडेना, म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी झडपेचा ध्यास घेतला. तीन नमुने फसले, चौथा टिकला. ६ डिसेंबर १९९० रोजी ती झडप प्रथम माणसाच्या हृदयात बसली आणि पुढे हजारोंना मिळाली. दरम्यान जपानचे डॉ. कांजी इनोऊए यांनी १९८२ मध्ये छाती न उघडताच मांडीतील शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद करण्याची रीत काढली. आज आकसलेली झडप योग्य अवस्थेत असेल, तर प्रथम तीच रीत पाहतात.

येथवरचा इतिहास पुस्तकांत सापडतो. त्यात सर्जन आहेत, सनावळ्या आहेत. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे लिहून पुस्तक पान उलटते. रुग्णाचे पान मात्र तेव्हाच सुरू होते.

धातूची झडप शरीराला परकी. तिच्यावर रक्त गोठू पाहते. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, जन्मभर. या गोळीचा जन्म मोठा विलक्षण आहे. १९२० नंतर उत्तर अमेरिकेत काही भागांत बुरशी लागलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३ मध्ये एक शेतकरी हिमवादळातून डबाभर न गोठणारे रक्त घेऊन विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला. काही वर्षे खपून त्यांनी चाऱ्यातले ते द्रव्य शोधले. त्यापासून निघालेले वॉरफरिन १९४८ साली बाजारात आले, ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून. १९५४ पासून ते माणसांना देऊ लागले. मोजून दिले तर अमृत, न मोजता दिले तर विष, हे आपल्याला नवीन नाही. पण मोजायचे कसे? रक्ततपासणीचा आकडा पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेत निराळा येई. परळला एक आणि ठाण्याला दुसरा. १९८० नंतर जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांसाठी एकच प्रमाण ठरविले, त्यालाच आपण आय. एन. आर. म्हणतो. त्यामुळे ठाणे-कल्याणच्या रुग्णाला निव्वळ आकड्यासाठी परळपर्यंत जाण्याचे कारण उरले नाही.

आता जे सांगणार आहे, ते सांगताना आजही हात जड होतो.

१९८६ सालची गोष्ट. कल्याणकडची चोवीस वर्षांची एक सून आमच्या वॉर्डात होती. धातूची झडप बसली, टाके निघाले, बाई हसत घरी निघाली. शनिवारची दुपार होती. सहा खाटा रिकाम्या करायच्या, सहा भरायच्या. मी तिच्या हाती इंग्रजीत भरलेले कार्ड दिले आणि म्हटले, "गोळी रोज घ्या. महिन्याने रक्त तपासा." कार्डावर 'सूचना दिल्या' असा रकाना होता. त्यात मी खूण केली. मला माझी लोकल गाठायची होती.

पाच आठवड्यांनी रात्रपाळीला ती परत आली. श्वास लागलेला, ओठ निळे. नवरा म्हणाला, "सिस्टर, चार दिवस झाले, तिचं घड्याळ ऐकू येत नाही." खोली एकच, रात्रभर तो ती टिकटिक ऐकत असे. मी कान लावला. जिथे खणखणीत आवाज यायचा, तिथे ओल्या कापडात गुंडाळल्यासारखे काहीतरी वाजत होते. झडपेवर रक्त गोठले होते. पहाटे पुन्हा शस्त्रक्रिया केली. ती वाचली नाही.

तिची सासू जिन्यात बसली होती. मला वाटले, ती मला बोल लावील. ती नुसती म्हणाली, "पाकीट संपलं तसं औषध संपलं असं आम्ही धरलं. दुकानदार म्हणाला, हे उंदराचं औषध आहे. जखम तर भरलीच होती. जन्मभर घ्यायचं हे कुणी सांगितलंच नाही, सिस्टर."

मी सांगितले होते. 'रोज' असे सांगितले होते. 'रोज' म्हणजे 'जन्मभर', हे तिने माझ्या मनात शिरून ओळखायला हवे होते काय? ती खूण केलेले कार्ड कागदपत्रांत राहिले. कोणी मला काही विचारले नाही. विचारले असते, तर बरे झाले असते.

त्यानंतर मी एक मराठी कागद तयार केला. मोठ्या अक्षरात, अर्ध्या पानाचा. घरी जाणाऱ्या प्रत्येक बाईला तो देऊन तिच्याकडूनच वदवून घेऊ लागले. "सांगा बघू, गोळी कधी बंद करायची?" "कधीच नाही, सिस्टर." हे उत्तर आल्याशिवाय कार्डावर खूण नाही. रविवारची सुटी असली की डोंबिवली-कल्याणच्या रुग्णांकडे एक फेरी मारू लागले. हे मी काही नवीन केले नाही. १८५९ साली इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने, आपल्या आजारी पत्नीची सेवा करणाऱ्या परिचारिकेलाच गरिबांच्या घरोघर जाण्यासाठी नेमले. घरी जाऊन करावयाच्या परिचर्येची ती सुरुवात. आपल्याकडे १८९१ साली काशीबाई गणपत या मुंबईत परिचर्या शिकण्यास आल्या, त्या पहिल्या भारतीय परिचारिका अशी नोंद आहे. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढले आणि विधवा मुलींना परिचारिका होण्यास धीर दिला. परक्याचे मलमूत्र काढणारी बाई म्हणून लोकांनी नाके मुरडली, तेव्हा रमाबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. त्या नसत्या, तर माझ्यासारखीला आईवडिलांनी पांढरा पोशाख घालू दिला नसता.

त्या फेऱ्यांत मला जे कळले, ते वॉर्डात कधीच कळले नव्हते. एका घरी आकडा दर श्रावणात बिघडे. चौकशीत कळले, की चातुर्मासात बाई एरवीपेक्षा तिप्पट पालेभाजी खात. मेथी, पालक, अळू यांत असे सत्त्व असते, की ते गोळीचा जोर कमी करते. भाजी सोडायची नाही. दर आठवड्याला साधारण सारखी खायची, एवढेच. दुसऱ्या घरी बाई गुडघेदुखीची गोळी दुकानातून आणून घेत होत्या. तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तिसरी मला हळूच स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि म्हणाली, "ताई, पाळीत इतकं जातं की उभं राहवत नाही. डॉक्टरांना कसं सांगू?" म्हणून ती त्या चार दिवसांत गोळीच घेत नव्हती. पुरुष डॉक्टरांपुढे हा प्रश्न येतच नाही. वॉर्डात पडदे असतात, पण कान नसतात असे थोडेच. हा प्रश्न बाईने बाईलाच विचारायचा असतो आणि त्यावर उपाय असतो.

म्हणून भगिनींनो, माझा तो अर्ध्या पानाचा कागद येथे देते. ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी तो जपावा.

धातूची झडप असेल, तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, रोज ठरल्या वेळी. कोणी नातलग तपासणी न लागणारी नवी गोळी घेत असतील, तर त्यांचे पाहून बदलू नये; धातूच्या झडपेला त्या नव्या गोळ्या चालत नाहीत. प्राण्याच्या ऊतीपासून केलेली झडप असेल, तर नियम निराळे; ते डॉक्टर सांगतील. रक्ततपासणीची तारीख चुकवू नये आणि आकडा वहीत लिहावा. काढा, चाटण, वेदनेची गोळी, काहीही नवे घेण्याआधी विचारावे. कुठेही सुई टोचण्याआधी वा दात काढण्याआधी झडपेचे व गोळीचे सांगावे. दात रोज स्वच्छ ठेवावेत. किडक्या दातातले जंतू झडपेवर जाऊन बसतात. काही दिवस टिकणारा ताप म्हणजे साधा ताप समजू नये. काळी शौच, अंगावर निळे डाग, अचानक तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, झडपेचा आवाज मंदावणे, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि सुनेला दिवस राहावेत अशी इच्छा असेल, तर ती आधी डॉक्टरांना सांगावी. ही गोळी गर्भाला अपाय करू शकते आणि बंद केली तर आईला. दोघांना सांभाळण्याची रीत आहे, पण ती आधी ठरवावी लागते. सासूबाईंनी स्वतःच्या मनाने गोळी थांबवू नये.

ज्यांची झडप अजून बिघडायची आहे, त्यांच्यासाठी एक वेगळी ओळ. संधिवाताचा ताप एकदा येऊन गेला असेल, तर पेनिसिलिनचे लांब टिकणारे इंजेक्शन बहुधा दर एकवीस दिवसांनी, डॉक्टर सांगतील तितकी वर्षे. हे औषध १९५० नंतर आले. पेनिसिलिन आपल्याकडे पिंपरीच्या कारखान्यात १९५५ पासून बनू लागले. इंजेक्शन स्वस्त आहे, पण दुखते. आणि मूल धडधाकट दिसत असते. त्यामुळे आई म्हणते, एवढी परीक्षा होऊ दे. त्या एका चुकलेल्या तारखेत पुन्हा घसा दुखला, तर झडप आणखी एक पायरी खाली जाते.

आज पुष्कळ सोयी झाल्या आहेत. २०१२ साली सुरू झालेल्या आणि आता महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे चालणाऱ्या शासकीय योजनेत झडपेची शस्त्रक्रिया होऊ शकते. कळव्याला मोठे रुग्णालय आहे, रक्त तपासण्यासाठी कल्याण-डोंबिवली ओलांडावी लागत नाही. शस्त्रक्रियेचा खर्च योजना उचलील, पण एकविसाव्या दिवशी 'आज तारीख आहे' असे सांगायला योजना घरी येत नाही.

ते काम आपल्या मंडळाला करता येईल, असे मला वाटते. सभासदांपैकी दहाजणींनी एकेक घर वाटून घ्यावे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तारखेला लाल गोल करावा, आदल्या दिवशी फोन करावा, महिन्यातून एकदा चहाला जाऊन वही पाहावी. यासाठी परिचारिका असावे लागत नाही. कळव्याजवळ माझी एक जुनी रुग्ण आहे. तिची झडप तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तिच्या आकड्यांच्या पाच वह्या भरल्या. पहिल्या वहीतले अक्षर तिच्या नवऱ्याचे, नंतरचे मुलीचे, आता नातीचे. मी गेले की ती माझा हात धरून छातीवर ठेवते आणि विचारते, "ऐका सिस्टर, वाजतंय ना?" मी ऐकते. आणि दरवेळी त्याखाली मला १९८६ सालची ती दुसरी, न वाजणारी झडप ऐकू येते.

मंडळाला वर्धापनदिनाच्या शुभेच्छा देऊन लेख पुरा करते. ज्या भगिनींना एखादे घर वाटून घ्यावयाचे असेल, त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. पहिले नाव मी दिले आहे.